थंडीत लॉकआउटला जाणारी फर्नेस: दुरून रीस्टार्ट कशी करायची आणि त्यावरून बिघाड कसा ओळखायचा

तक्रार नेहमीचीच. मिनेसोटा, मिशिगन, ओंटारियो किंवा अल्बर्टातलं घर बंद आहे आणि माणसं डिसेंबर-जानेवारीत पुण्याला नाहीतर नागपूरला लग्नाला आली आहेत. थर्मोस्टॅटच्या अ‍ॅपमध्ये १६ अंश लावलेत, खाली 'हीटिंग' असं लिहिलेलं दिसतंय, आणि घरातलं तापमान मात्र १५, १४, १३ असं उतरत चाललंय. शेजारी जाऊन फर्नेसचा, म्हणजे घर तापवणाऱ्या यंत्राचा, स्विच बंद-चालू करतो, फर्नेस धडधडत सुरू होते, दोन दिवस बरी चालते. पुढची थंडीची लाट आली की पुन्हा तेच. पेटायचे प्रयत्न फसल्यावर फर्नेसने असं स्वतःला बंद करून घेणं म्हणजे लॉकआउट. उणे ५ ला काही कुरकुर नाही, उणे २० ला हमखास.

इथे धरली आहे ती गॅसवरची कंडेन्सिंग फर्नेस, म्हणजे ९० टक्क्यांच्या वरच्या कार्यक्षमतेची, जिचे पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर गेलेले असतात. धातूच्या पाइपने चिमणीत धूर सोडणाऱ्या जुन्या ८० टक्केवाल्या फर्नेसला ड्रेनचा, म्हणजे आत सुटलेलं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचा, भाग लागू नाही, बाकीचं बरंचसं लागू आहे. फर्नेस तेलावरची असेल तर दुरून रीस्टार्टचा नादच करू नका. तिचं लाल बटण पुन्हा पुन्हा दाबलं की न जळलेलं तेल ज्वलनकक्षात साचत जातं आणि नंतर एकदम पेट घेतं.

रीस्टार्टने फक्त वेळ मिळतो, बिघाड जागच्या जागी राहतो. पण रीस्टार्टनंतर फर्नेस किती वेळ चालली आणि कशी थांबली एवढं नीट टिपलं, तर बारा हजार किलोमीटरवरूनही बिघाड कुठे आहे ते बहुतेक वेळा सांगता येतं. म्हणून नुसता स्विच दुरून दाबायची सोय करू नका. दाबल्यावर काय झालं ते दिसायची सोयही त्याच दिवशी करा.

अ‍ॅपमधलं 'हीटिंग' म्हणजे नुसती मागणी

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. थर्मोस्टॅट 'आर' आणि 'डब्ल्यू' या दोन तारा जोडतो आणि अ‍ॅपमध्ये 'हीटिंग' दाखवतो. ज्योत पेटली की नाही हे त्याला कळतच नाही. मागणी पोहोचल्यावर फर्नेसच्या बोर्डावर (आतल्या नियंत्रक सर्किटवर) पुढचा क्रम असा चालतो: इंड्यूसर पंखा सुरू होऊन धुराच्या वाटेत ओढ तयार करतो, ती ओढ पुरेशी झाली की प्रेशर स्विच जुळतो, मग इग्नायटर पंधरा-तीस सेकंद तापून लाल होतो, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो, ज्योत पेटते. फ्लेम सेन्सरने काही सेकंदांत ज्योत 'पाहिली' तर व्हॉल्व्ह उघडा राहतो, आणि साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटाने मोठा ब्लोअर घरात गरम हवा ढकलू लागतो.

यातली एक पायरी चुकली की बोर्ड सगळं थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. असे तीन ते पाच प्रयत्न फसले की लॉकआउट. हा लॉकआउट बहुधा 'मऊ' असतो. काही बोर्ड तासाभराने, काही तीन तासांनी आपणहून पुन्हा प्रयत्न करतात. काही बिघाडांत मात्र तो 'पक्का' असतो आणि वीज तोडल्याशिवाय सुटत नाही. थर्मोस्टॅटच्या आलेखात दर एक किंवा तीन तासांनी छोटा उंचवटा आणि मग उतार दिसत असेल, तर फर्नेस लॉकआउटमधून स्वतः उठतेय, थोडी चालतेय आणि पुन्हा पडतेय. उतार सरळ रेषेत असेल तर ती उठतच नाहीये.

ज्योत आहे की नाही हे कळायला दोन स्वस्त गोष्टी पुरतात. पहिली म्हणजे फर्नेसच्या जवळच्या, गरम हवा खोलीत सोडणाऱ्या झरोक्यात ठेवलेला वाय-फाय तापमान सेन्सर. मागणी पोहोचल्यावर तीन ते पाच मिनिटांत तिथलं तापमान चढलं पाहिजे. किती, ते फर्नेसच्या पाटीवर 'टेम्परेचर राइज' म्हणून छापलेलं असतं, बहुतेकदा ३५ ते ६५ फॅरनहाइटचा पल्ला, म्हणजे अंदाजे २० ते ३६ सेल्सिअसची वाढ. परतीची हवा १५ अंशांची असेल तर बाहेर पडणारी ३५ ते ५० च्या दरम्यान हवी. दुसरी म्हणजे साधा वेबकॅम, फर्नेसच्या दारावरच्या छोट्या काचेवर रोखून, हातभर अंतरावर. काचेतून बोर्डावरचा एलईडी लुकलुकताना दिसतो. कॅमेऱ्याला माइक असेल तर आणखी चांगलं. इंड्यूसरची घरघर, व्हॉल्व्हचा 'टक्', ज्योत पेटल्याचा 'भस्स' आवाज आणि त्यानंतर पाच-सात सेकंदांत सगळं शांत होणं, हे कानांना आकड्यांपेक्षा लवकर कळतं.

लुकलुकण्याचा अर्थ सांगणारा तक्ता फर्नेसच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. निघण्यापूर्वी त्याचा फोटो काढून ठेवा. ऐन वेळी तो हमखास घरात असतो आणि तुम्ही नसता. कंपनीगणिक संकेत वेगळे आहेत. कॅरियर आणि ब्रायंटच्या बऱ्याच बोर्डांवर आधी आखूड आणि मग लांब लुकलुक मोजायची असते: ३१ म्हणजे प्रेशर स्विच जुळला नाही किंवा पुन्हा सुटला, ३३ म्हणजे लिमिट सर्किट (फर्नेस जास्त तापली की तोडणारं) उघडलं, ३४ म्हणजे ज्योत सिद्ध झाली नाही, १४ म्हणजे ज्योतीवरून लॉकआउट. वीज तोडली की काही बोर्डांवरचा संकेत पुसला जातो, म्हणून आधी संकेत वाचा, मग रीस्टार्ट करा. घाईत नेमकं उलटं होतं आणि हाती आलेला पुरावा जातो.

पहिला रीस्टार्ट थर्मोस्टॅटवरून

बऱ्याच बोर्डांवर मागणी काढून घेतली की मऊ लॉकआउट सुटतो. त्यामुळे वेगळी काहीच जोडणी नसली तरी हे करून बघता येतं:

१. अ‍ॅपमध्ये 'हीट'वरून 'ऑफ' करा. तापमान खाली आणणं पुरत नाही, काही थर्मोस्टॅट किमान चालू वेळ पूर्ण होईपर्यंत मागणी धरून ठेवतात.
२. पाच मिनिटं थांबा. इंड्यूसर आणि ब्लोअर पूर्ण थांबले पाहिजेत.
३. 'हीट' करा आणि घरातल्या तापमानापेक्षा दोन-तीन अंश जास्त लावा. एकदम २२ लावून काही लवकर होत नाही, फर्नेस फक्त सलग जास्त वेळ चालते, आणि आजारी फर्नेसला तेच सोसत नाही.
४. झरोक्याच्या सेन्सरकडे दहा मिनिटं लक्ष ठेवा. वेळ लिहून घ्या: मागणी कधी दिली, गरम हवा कधी आली, कधी थांबली.

इथे एक सोय आपोआप होते. मिनियापोलिसला पहाटे सहा-सात वाजता, म्हणजे सगळ्यात कडक थंडीच्या वेळी, महाराष्ट्रात संध्याकाळचे साडेपाच-साडेसहा वाजलेले असतात. माणूस जागा असतो, आणि तिकडचा तंत्रज्ञ तासा-दोन तासांत फोन उचलणार असतो. रात्री गजर लावून उठण्यापेक्षा दुपारी तीन ते सात या वेळात दर तासाला एकदा आलेख बघितला तरी चालतं.

रीस्टार्टनंतर ती कशी थांबली?

*ज्योत पेटते आणि पाच-सात सेकंदांत विझते, दोन-तीन वेळा, मग शांत.* संशय फ्लेम सेन्सरवर. ही ज्योतीत बसवलेली पातळ धातूची कांडी. ज्योतीतून ती फक्त काही मायक्रोअँपिअर प्रवाह ओढते. चांगल्या स्थितीत दोन ते सहा, आणि बऱ्याच बोर्डांवर अर्ध्याच्या खाली गेला की व्हॉल्व्ह बंद. कांडीवर वर्षभरात पांढरट पुटं चढतात आणि प्रवाह घसरतो. अशी काठावरची कांडी दहा वेळा पेटवली की आठ वेळा चालते आणि दोन वेळा नाही. थंडीत फर्नेस दिवसातून कितीतरी जास्त वेळा पेटते, म्हणून लॉकआउट नेमका थंडीत गाठतो. यात दुरून रीस्टार्टला पुष्कळदा यश येतं, आणि म्हणून मूळ काम राहून जातं. काम दहा मिनिटांचं आहे: वीज बंद करा, एक स्क्रू काढून कांडी बाहेर घ्या, बारीक स्टील वूलने हलक्या हाताने चकचकीत करा, फडक्याने पुसून परत लावा. खरखरीत सँडपेपर वापरू नका, ओरखड्यांत पुटं लवकर धरतात. भोवतालच्या चिनी मातीला तडा गेला असेल तर कांडीच बदला.

*इंड्यूसर फिरतो, पण इग्नायटर लालच होत नाही.* प्रेशर स्विच जुळत नाहीये. हा स्विच मोजतो तो दाब इतका किरकोळ असतो की त्याच्या रबरी नळीत चमचाभर पाणी साचलं तरी तो फसतो. थंडीत याची कारणं तीन: बाहेरच्या पाइपांची तोंडं बर्फाने बुजलेली, ड्रेन तुंबून पाणी इंड्यूसरपर्यंत चढलेलं, किंवा नळीत पाणी. पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी असेल तर आधी तिच्यावर संशय घ्या. धुराच्या पाइपातून निघालेली वाफ वाऱ्याने वळून हवा घेणाऱ्या पाइपात शिरते आणि जाळीवर हिमाचा पापुद्रा धरतो. दोन्ही तोंडं अपेक्षित बर्फाच्या थरापेक्षा किमान फूटभर वर असावीत असं बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका सांगतात. पण बांधताना ठेवलेली ही उंची वाऱ्याने रचलेल्या ढिगापुढे अपुरी पडते. अशा वेळी दुरून कितीही रीस्टार्ट केलं तरी उपयोग नाही. शेजाऱ्याला झाडू घेऊन पाठवा. काठीने किंवा हातोडीने बर्फ फोडायला लावू नका, थंडीने कडक झालेला पीव्हीसी तडकतो.

*चांगली पेटते, वीस मिनिटं ते काही तास चालते, मग पडते. तासभर विश्रांती दिली की पुन्हा चालते.* हा ड्रेनचा बिघाड. कंडेन्सिंग फर्नेसमध्ये हाच सर्वांत जास्त दिसतो आणि यालाच सर्वांत जास्त वेळा 'बोर्ड गेला' असं म्हटलं जातं, म्हणून जरा सविस्तर.

नैसर्गिक गॅस जळला की पाणी तयार होतं. ताशी ८०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप) फर्नेस तासाला साडेतीन लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात बनवते. त्यातलं निम्मं किंवा थोडं जास्त आतच थंड होऊन खाली उतरतं, म्हणजे तासाला दीड-दोन लिटर. उणे ५ ला फर्नेस दिवसाचे आठ तास चालत असेल, तर उणे २५ ला वीस तास. बारा-सोळा लिटरची सवय असलेल्या ट्रॅपमधून (पाणी धरून धुराचे वायू अडवणारा वळणाचा भाग) आणि नळीतून एकदम तीस-चाळीस लिटर जायला हवं. त्यात नळीत बुळबुळीत गाळ, कुठे तरी लोंबलेला भाग, किंवा शेवटचे चार फूट न तापवलेल्या गॅरेजमधून जाणारे. पाणी तिथे गोठतं, मागे तुंबतं, इंड्यूसरपाशी चढतं, प्रेशर स्विच सुटतो. फर्नेस बंद पडली की साचलेलं पाणी हळूहळू झिरपून उतरतं, म्हणून तासाभराने ती 'आपोआप बरी' होते. रीस्टार्टला दरवेळी यश, आणि दरवेळी आधीपेक्षा थोडं कमी चालणं: आज तीन तास, उद्या दीड, परवा चाळीस मिनिटं. हा क्रम दिसला की निदान झालंच समजा.

तात्पुरता इलाज शेजारी करू शकतो. फर्नेसच्या ट्रॅपनंतरची नळी पहिल्या सांध्यापाशी सोडवून तिचं तोंड वीस लिटरच्या बादलीत सोडायचं. ट्रॅप मात्र जागेवरच राहिला पाहिजे; तो काढला तर धुराचे वायू बेसमेंटमध्ये येतील. सतत चालणाऱ्या फर्नेसची बादली दहा-बारा तासांत भरते, तेव्हा शेजाऱ्याला दिवसातून दोनदा यावं लागेल हे आधीच सांगा. हे पाणी ताकाहून आंबट असतं, उघड्या फरशीवर सांडू देऊ नका. कायमचा इलाज: ट्रॅप काढून गरम पाण्याने धुणं, नळीला फुटामागे पाव इंच उतार, गॅरेजमधल्या किंवा बाहेरच्या भागाला आपोआप कमी-जास्त होणारी हीट केबल आणि वर इन्सुलेशन. शक्यच असेल तर नळी आतल्याच ड्रेनकडे वळवा, हीट केबल हा दुसरा पर्याय.

*बर्नर बंद, पण ब्लोअर गार हवा फेकत राहतो. थोड्या वेळाने पुन्हा पेटते, पुन्हा तेच.* लिमिट स्विच. आतला उष्मापरिवर्तक जास्त तापतोय, कारण हवा कमी फिरतेय. दहातल्या आठ वेळा फिल्टर. एक इंची घट्ट विणीचा फिल्टर महिनाभर बदललेला नसतो आणि 'घरात कोणी नाही' म्हणून निम्मे झरोके बंद केलेले असतात. रिकाम्या घरात मर्व ८ चा (मर्व म्हणजे फिल्टरच्या बारीकपणाचा अंक) नवा फिल्टर टाका आणि सगळे झरोके उघडे ठेवा. झरोके बंद करून गॅस वाचत नाही, लिमिट मात्र पडतो.

*थर्मोस्टॅटच अ‍ॅपमधून गायब.* फर्नेसकडून येणारे २४ व्होल्ट गेलेत, किंवा घरची वीज किंवा इंटरनेट गेलंय. झरोक्यातला सेन्सर अजून दिसत असेल तर इंटरनेट शाबूत आहे. मग बघायचं ते बोर्डावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज आणि फर्नेसचं पाणी उपसणारा पंप असेल तर त्याचा फ्लोट स्विच. पंप ज्या सॉकेटला लावलाय तो जीएफसीआय (वीजगळती झाली की स्वतः वीज तोडणारा) असेल आणि ट्रिप झाला असेल, तर पंप बंद, टाकी भरली, फ्लोटने फर्नेस तोडली. इथे रीस्टार्टला काही अर्थ नाही, सॉकेटवरचं छोटं बटण दाबायला माणूसच लागतो.

प्रोपेनची टाकी असलेल्या घरांत आणखी एक प्रकार दिसतो. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळतो खरा, पण टाकी जेमतेम पाव भरलेली असेल तर कडाक्याच्या थंडीत वाफ पुरेशी होत नाही आणि दाब पडतो. विश्रांतीनंतर दाब सावरतो, म्हणून रीस्टार्ट 'लागू' पडतो. इथे टाकी भरून घेणं हीच दुरुस्ती.

वीज तोडून जोडायची सोय

पक्का लॉकआउट किंवा अडकलेला बोर्ड थर्मोस्टॅटवरून सुटत नाही. त्यासाठी फर्नेसच्या १२० व्होल्टच्या फेजवर रिले, म्हणजे दुरून ओढता-सोडता येणारा विजेचा स्विच, लागतो. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. फर्नेसला प्लग-सॉकेटवर चालवायला बऱ्याच ठिकाणी मनाई आहे, त्यामुळे सरळ स्मार्ट प्लग खुपसायचा मार्ग नियमात बसेलच असं नाही. शिवाय रिकाम्या घराचा विमा नियमबाह्य जोडणीवर अडतो. इलेक्ट्रिशियनला मात्र काय हवं ते नेमकं सांगा, नाहीतर तो साधा चालू-बंद रिले लावून जाईल.

संपर्क नॉर्मली क्लोज्ड हवेत. म्हणजे रिलेला काहीच वीज नसताना फर्नेस चालू, आणि रिले ओढला की फर्नेस बंद. वाय-फाय मॉड्यूल जळलं, इंटरनेट गेलं, काहीही झालं तरी फर्नेस विजेवर राहते. क्षमता ३० अँपिअरची आणि मोटरच्या भारासाठी सांगितलेली हवी, यूएल किंवा सीएसएची (तिकडच्या सुरक्षा चाचणीची) छाप असलेली. हौशी प्रकल्पांतले छोटे निळे १० अँपिअरचे रिले इथे टिकत नाहीत. ब्लोअर सुरू होतानाच्या झटक्याने त्यांचे संपर्क चिकटतात, आणि चिकटलेला रिले ऐन वेळी काहीच तोडत नाही.

वाय-फाय मॉड्यूलवर 'आपोआप बंद'चा टायमर १२० सेकंदांवर लावा. तुम्ही फक्त 'ओढ' एवढाच आदेश द्यायचा. दोन मिनिटांनी रिले स्वतःहून सुटला पाहिजे. बंदचा आदेश पोहोचला आणि चालूचा पोहोचण्याआधी राउटर पडला, अशी वेळ येऊच नये. वीज परत आल्यावरची मॉड्यूलची स्थितीही 'ऑफ' अशीच ठेवा.

रिलेच्या कॉइलला (संपर्क ओढणाऱ्या गुंडाळीला) फर्नेसच्याच ट्रान्सफॉर्मरमधून २४ व्होल्ट देऊ नका. देणारे देतात, तार जवळ दिसते म्हणून. मग रिले ओढला की फर्नेस मेली, फर्नेस मेली की कॉइल सुटली, कॉइल सुटली की पुन्हा ओढली, आणि सगळं मशीन गुणगुणत तडतडत बसतं. कॉइलला आणि मॉड्यूलला वेगळ्या सर्किटवरचा स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर द्या. राउटरही फर्नेसच्या सर्किटवर नको.

वापरताना क्रम पाळा: आधी थर्मोस्टॅट 'ऑफ', पाच मिनिटं, मग वीज दोन मिनिटं बंद, मग चालू, आणखी पाच मिनिटं, मग 'हीट'. जळत्या फर्नेसची वीज तोडली तर गॅस लगेच बंद होतो, पण ब्लोअरही थांबतो आणि तापलेल्या पत्र्यातली उष्णता आतच कोंडते. थर्मोस्टॅट फर्नेसवरूनच वीज घेत असेल तर तो नव्याने सुरू होऊन वाय-फायवर यायला दोन-तीन मिनिटं लागतात. त्या वेळात अ‍ॅप 'ऑफलाइन' दाखवतं म्हणून घाबरून पुन्हा वीज तोडू नका.

इंटरनेटवर भरवसा नसेल तर मेसेजवर चालणारा सेल्युलर रिले. इथे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत स्वस्तात मिळणारे २जी मॉड्यूल घेऊन जाऊ नका. एटी अँड टीने अमेरिकेत २जी २०१७ मध्ये आणि ३जी २०२२ मध्ये बंद केलं. तिथल्या बँडवर चालणारं ४जी मॉड्यूल तिथेच घ्या. राउटर, मोडेम आणि मॉड्यूल एका छोट्या यूपीएसवर ठेवले तर वीज गेली हे किमान कळतं तरी.

किती वेळा

चोवीस तासांत दोन, फार तर तीन. लॉकआउट ही खोड नाही, ज्योत लागली नसताना गॅस सोडत राहू नये म्हणून केलेली व्यवस्था आहे. तापमान पडलं की आपोआप रीस्टार्ट करणारी स्क्रिप्ट लिहायची असेल तर तिच्यात ही मर्यादा आणि दोन प्रयत्नांत किमान तासाचं अंतर घालाच. मर्यादा संपली की स्क्रिप्टने फक्त मेसेज पाठवावा.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजल्याची सूचना आली, कॅमेऱ्यात काजळी दिसली किंवा ज्योत दाराकडे आलेली दिसली, की रीस्टार्ट बंद. शेजाऱ्याला घरात पाठवू नका, त्याला बाहेरूनच ९११ किंवा गॅस कंपनीला फोन करू द्या. ज्योत बाहेर आली की फर्नेस तोडणाऱ्या रोलआउट स्विचवर हाताने दाबायचं छोटं बटण असतं. तो पडला असेल तर दुरून फर्नेस सुरू होत नाही आणि व्हायलाही नको. त्याला वळसा घालणारी तार टाकून देतो म्हणणाऱ्या माणसाकडून काम करून घेऊ नका.

फर्नेस पडलीच म्हणून स्मार्ट प्लगवर १,५०० वॉटचा हीटर दुरून चालू करायची युक्तीही सोडून द्या. १२० व्होल्टवर तो साडेबारा अँपिअर घेतो, तासन्‌तास. प्लग वितळू शकतो, आणि बघायला घरात कोणी नसतं.

निघण्यापूर्वी

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा आणि सर्वांत खालचा नळ उघडून पाइपांतलं पाणी उतरवा. घरात आग विझवणारे स्प्रिंकलर त्याच लाइनवर असतील तर मात्र हे करता येणार नाही. फर्नेस पडल्यावरचं खरं नुकसान थंडीने होत नाही, गोठून फुटलेल्या पाइपाने होतं. बाहेर उणे ७ च्या खाली गेलं की बाहेरच्या भिंतीतले इन्सुलेशन नसलेले पाइप धोक्यात येतात, मग थर्मोस्टॅटच्या खोलीत १२ अंश का असेनात. विम्याच्या कागदात रिकाम्या घराची अट वाचा. कॅनडात बऱ्याच पॉलिसींना हिवाळ्यात कोणीतरी नियमित येऊन घर बघावं असं हवं असतं; अ‍ॅप बघणं त्यात धरत नाहीत.

दुसरा थर्मोस्टॅट लावा. साधा, बॅटरीशिवाय चालणारा, जुन्या पद्धतीचा द्विधातूचा, १० अंशांवर ठेवून 'आर' आणि 'डब्ल्यू'ला समांतर जोडलेला. स्मार्ट थर्मोस्टॅटची बॅटरी संपली, अपडेटमध्ये अडकला, किंवा 'सी' तार (थर्मोस्टॅटला सतत वीज देणारी) नसल्याने लांब मागणीत त्याची वीज संपली, तरी हा फर्नेसला हाक मारतो. दुरूनच्या सगळ्या उपकरणांपेक्षा यानेच जास्त घरं वाचतात, आणि याला इंटरनेट लागत नाही. फक्त तो लावलाय हे तंत्रज्ञाला सांगून ठेवा, नाहीतर 'ऑफ' करूनही फर्नेस चालू का, यावर त्याचा अर्धा दिवस जाईल. घर १० च्या खाली असेल तेव्हा तुमच्या 'ऑफ'नेही मागणी सुटणार नाही. त्या वेळी लॉकआउट सोडवायला विजेचा रिलेच लागतो.

थर्मोस्टॅट १६ अंश, म्हणजे ६० फॅरनहाइटवर ठेवा. सूचना १३ ला, दुसरी १० ला. १३ ला थर्मोस्टॅटवरून रीस्टार्ट, १० ला वीज तोडून रीस्टार्ट आणि त्याच वेळी तंत्रज्ञाला फोन, ७ ला शेजाऱ्याने मुख्य व्हॉल्व्ह खरंच बंद आहे हे बघून सगळे नळ उघडायचे आणि सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवायची. शेजाऱ्याकडे किल्ली, व्हॉल्व्हचा फोटो, फर्नेसच्या स्विचचा फोटो आणि मोठी बादली कुठे आहे ते, एवढं एका मेसेजमध्ये आधीच जाऊ द्या.

फर्नेस पुन्हा लागली आणि घर ८-१० अंशांवरून वर येऊ लागलं की ते चार-सहा तास सर्वांत जिकिरीचे. ती सलग चालते, परतीची हवा गार असल्याने पाणी नेहमीपेक्षा जास्त सुटतं, आणि आधीच अडखळणाऱ्या ड्रेनची परीक्षा नेमकी तेव्हाच होते. एकदम १६ लावू नका. १२ गाठू द्या, अर्धा तास थांबा, झरोक्यातलं तापमान टिकतंय का बघा, मग १४. तंत्रज्ञ येईल तेव्हा त्याला 'हीटिंग बंद पडलं' एवढंच न सांगता, लिहून ठेवलेल्या वेळा आणि एलईडीचा व्हिडिओ आधी पाठवा. फ्लेम सेन्सर, प्रेशर स्विच आणि इग्नायटर गाडीत घेऊनच तो येईल, आणि पहिल्याच फेरीत काम उरकण्याची शक्यता वाढेल.